शेवगाव ते मुंबई : सव्वा मिलिसेकंद

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांना "थोडक्यात सांग भाऊ" म्हणायची सवय आहे त्यांनी आत्ताच पुढे सरकावं. विषय घड्याळाचा आहे, शेअर मार्केटचा आहे आणि आपल्या तालुक्यात २०२४ मध्ये जे झालं त्याचाही आहे. हे तीन विषय एका पोस्टमध्ये कसे बसतात ते वाचल्यावर कळेल.

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण निम्म्या गावाला वाटतं मी घरी बसून असतो. कोरोनात पुण्याहून शेवगावला आलो तो इथेच राहिलो. काम कंपनीचं आहे, पण वरच्या खोलीतून. सध्या एका नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये अचूक घड्याळजुळणीची सोय घालतोय. म्हणजे कॉम्प्युटरला जी इंटरनेटची वायर लागते ती ज्या कार्डात खुपसतात, त्या कार्डावर स्वतःचं एक घड्याळ असतं. ते घड्याळ दुसऱ्या मशीनच्या घड्याळाशी नॅनोसेकंदांच्या हिशोबात जुळवायचं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक. हे ऐकलं की लोक हसतात. आमच्या आईचा प्रश्न ठरलेला: "एवढ्याशा वेळात काय व्हतं रं?"

होतं. खूप होतं. तेच सांगायला बसलोय.

मागच्या महिन्यात आमचे गुरुजी घरी आले. नाव लिहीत नाही. आठवी-नववीला आम्हाला गणित शिकवायचे, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. रिटायरमेंटच्या पैशातला मोठा भाग त्यांनी त्या प्रकरणात घातला होता. कोणतं प्रकरण ते शेवगावकरांना सांगायला नको. शेअर मार्केटच्या नावाने ऑफिसं निघाली, कुणी महिन्याला आठ टक्के सांगत होतं, कुणी दहा, कुणी बारा. काही महिने पैसे आलेही. मग एकेक ऑफिस बंद, फोन बंद, माणसं गायब. पोलीस ठाण्यात गुन्हे नोंदले गेले. कापसाचे पैसे गेले, उसाचं बिल गेलं, कुणी जमीन विकून टाकले होते ते गेले. कोर्टात जे व्हायचं ते होईल, त्यावर मी बोलत नाही.

गुरुजींनी चहा घेतला आणि हळूच विचारलं, "बाळा, तू या मशीनचंच काम करतोस ना? मग मला एक सांग. तो पोरगा म्हणायचा, आमचं सॉफ्टवेअर मिलिसेकंदात सौदा मारतं. माणसाची पापणी लवेपर्यंत नफा खिशात. असं असतं का?"

मी म्हणालो, "गुरुजी, असतं. पण शेवगावात नसतं."

मग कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर हिशोब मांडला. गणिताच्या मास्तरांना हिशोबच दाखवावा लागतो.

मुंबईत बीकेसीमध्ये शेअर बाजाराचे सर्व्हर आहेत असं धरू. शेवगावपासून सरळ रेषेत अंतर साधारण २५० किलोमीटर. प्रकाश काचेच्या तारेतून, म्हणजे फायबरमधून, सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. २५० गुणिले ५ म्हणजे १,२५० मायक्रोसेकंद, म्हणजे सव्वा मिलिसेकंद. हे एका बाजूचं. भाव इथे दिसायला सव्वा, आपला सौदा तिथे पोचायला सव्वा, झाले अडीच. तेही फायबर गुळगुळीत सरळ टाकलं असतं तर. प्रत्यक्षात ते रस्त्याने वळत-वळत जातं, मध्ये दहा ठिकाणी स्विच लागतात, आणि आपल्याकडे जेसीबीवाल्याने केबल तोडली नाही तो दिवस सणाचा. म्हणजे खरा आकडा याच्या कित्येक पट.

आता समोर कोण आहे? शेअर बाजाराच्या इमारतीतच भाड्याने रॅक घेऊन बसलेले मोठे दलाल आणि संस्था. याला को-लोकेशन म्हणतात. त्यांचा सर्व्हर आणि बाजाराचा सर्व्हर यांच्यात काही मीटरची वायर. त्यांचा सौदा मायक्रोसेकंदांत पोचतो. तुमचा अडीच मिलिसेकंदांचा किमान फेरा होईपर्यंत त्यांच्या शेकडो फेऱ्या झालेल्या असतात. एका फ्लॅटमध्ये वायफायवर लॅपटॉप चालवणारा पोरगा त्यांच्याशी वेगात स्पर्धा करतो असं म्हणणं म्हणजे बैलगाडीने वंदे भारतला मागे टाकलं म्हणण्यासारखं आहे. त्यात बैलगाडी अजून सुटलेलीच नाही.

गुरुजी बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं सोपं होतं होय."

मला वाईट वाटलं. सोपं नव्हतं. हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आकडे सेबीनेच दिलेत, माझे नाहीत. २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १ कोटीहून जास्त साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आणि २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांनी आणि स्वतःच्या पैशाने धंदा करणाऱ्या दलालांनी जो नफा कमावला, त्यातला ९६-९७ टक्के नफा अल्गो वापरणाऱ्यांचा, म्हणजे मशीनने सौदे करणाऱ्यांचा होता. हा अहवाल सप्टेंबर २०२४ चा. आपल्याकडे तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता माझ्या कामाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती कुणी मराठीत सांगत नाही.

दोन गावांतली दोन घड्याळं जुळवायची आहेत, फोन नाही, फक्त निरोप्या आहे. कशी जुळवाल? शेवगावच्या घड्याळात १० वाजता निरोप्या निघाला. पाथर्डीला पोचला तेव्हा पाथर्डीच्या घड्याळात १०.४५ झाले होते. तिथून ११ वाजता परत निघाला, शेवगावात पोचला तेव्हा आपल्या घड्याळात ११.१५. जाताना ४५ मिनिटं दिसली, येताना १५. रस्ता तोच, गाडी तीच. मग खरा प्रवास ३० मिनिटांचा आणि पाथर्डीचं घड्याळ १५ मिनिटं पुढे. झालं. जगातली सगळी अचूक घड्याळजुळणी ही एवढीच आहे. चार वेळा नोंदवायच्या आणि सातवीचं गणित करायचं. याचं प्रमाणीकरण झालं त्याला आयट्रिपलई १५८८ म्हणतात. पहिली आवृत्ती २००२ ची, दुसरी २००८ ची, तिसरी २०१९ ची. व्यवहारात पीटीपी म्हणतात.

अडचण गणितात नाही, शिक्का कुठे मारता त्यात आहे.

तहसीलला कधी अर्ज दिलाय? अर्ज तुम्ही ११ वाजता खिडकीत सरकवता. तो टेबलावर पडतो. क्लार्क चहाला गेलेला. तो आला, दोन फोन घेतले, मग आवक बारनिशीत नोंद केली आणि शिक्का मारला, तेव्हा पावणेबारा झालेले. कागदावर तुमचा अर्ज पावणेबाराचा. कॉम्प्युटरमध्ये हेच होतं. पॅकेट वायरीवरून कार्डात येतं, पण त्यावर वेळेचा शिक्का ऑपरेटिंग सिस्टिम मारते, तिला सवड मिळेल तेव्हा. कधी लगेच, कधी ३०-४० मायक्रोसेकंदांनी, मशीनवर ताण असेल तर आणखी उशिरा. निरोप्याचा वेळच चुकीचा नोंदला तर सातवीचं गणित काय करणार?

म्हणून शिक्का फाटकावर हवा. पॅकेट कार्डात शिरताक्षणी कार्डानेच स्वतःच्या घड्याळातली वेळ टिपायची. बऱ्याच कार्डांमध्ये ही सोय बनतानाच असते. पण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला दुभाषी, त्याला ती भाषा येत नसेल तर सोय असून नसल्यासारखी. लिनक्समध्ये अशा घड्याळांसाठी सामाईक चौकट २०११ साली आली, रिचर्ड कॉक्रन नावाच्या माणसाने लिहिली. ती फुकट आहे, उघडी आहे, कुणीही वाचावी. माझं काम एवढंच की आमच्या कार्डाच्या ड्रायव्हरला त्या चौकटीत बसवायचं: वेळ वाचायची, वेळ बदलायची, आणि घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करायचा.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. पुढे गेलेलं घड्याळ एकदम मागे ओढायचं नसतं. मागे ओढलं तर एकच क्षण दोनदा येतो आणि नोंदींचा क्रम बिघडतो. त्याला थोडं हळू चालवायचं, म्हणजे बाकीचं जग त्याला गाठतं. कार्डावरचा क्वार्ट्झचा खडा उन्हाने बदलतो. दहा लाखात २० भागांची चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक पडतो. आता आपला मे महिना आठवा. वरच्या खोलीत पत्रा तापलेला, लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर मशीन चालू, पंखा बंद. पंखा बंद झाला की आलेख वाकडा, पंखा सुरू झाला की सरळ. कंपनीच्या एसी लॅबमध्ये जी चूक दिसली नसती ती शेवगावच्या उन्हाने दाखवली. या गोष्टीचा मला थोडा अभिमान आहे, हसू नका.

एक चूक तर आठवडाभर छळत होती. दोन मशीन्स वायरीने जोडलेली, सगळं शंभर नॅनोसेकंदांच्या आत नीट चाललेलं, आणि अचानक कधीतरी वेळ ४.२९ सेकंद मागे. पुन्हा नीट. दिवसातून दोन-तीनदाच. भूतबाधाच ती. नंतर कळलं की कार्डाचं घड्याळ दोन डब्यांत ठेवलेलं आहे, वरचा आकडा एका डब्यात, खालचा दुसऱ्यात. स्कूटरच्या किलोमीटरच्या काट्यासारखं, खालचा भरला की शून्य होतो आणि वरचा एकाने वाढतो. नॅनोसेकंद मोजत खालचा डबा दर ४.२९ सेकंदांनी भरतो. मी आधी वरचा वाचत होतो, मग खालचा. नेमका त्या दोघांच्या मधल्या फटीत काटा फिरला तर वरचा जुना आणि खालचा नवा. उपाय तीन ओळींचा: वरचा वाच, खालचा वाच, वरचा पुन्हा वाच, बदलला असेल तर पहिल्यापासून. ही चूक माझ्याआधी हजार जणांनी केली असेल. तरी सापडली त्या रात्री मी एकटाच गच्चीत जाऊन उभा राहिलो होतो.

तर हे असलं काम. आता कुणी विचारेल की हे कार्ड कशासाठी? आमचं गिऱ्हाईक विजेच्या सबस्टेशनवाल्यांचं आहे. उच्च दाबाच्या लाईनवर दोष झाला की त्याचा धक्का तारेतून दोन्ही बाजूंना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळतो. दोन्ही टोकांना तो किती वाजता पोचला यावरून दोष कुठे झाला ते काढता येतं. दोन टोकांच्या घड्याळात १ मायक्रोसेकंदाचा फरक असेल तर जागा दीडशे मीटर चुकते, म्हणजे एखादा टॉवर इकडे-तिकडे. १ मिलिसेकंदाचा फरक असेल तर दीडशे किलोमीटर. म्हणजे दोष आपल्या शिवारात आणि वायरमनची गाडी जवळजवळ पुण्याला. आईच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

पण अशीच कार्डं शेअर बाजारातही बसतात, आणि तिथे हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही. तो रांगेचा प्रश्न होतो. रेशनच्या दुकानात रांग मोडली तर आपल्याला दिसतं, आपण ओरडतो. मायक्रोसेकंदांची रांग मोडली तर दिसणार कुणाला?

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या को-लोकेशनचं प्रकरण आठवा. २०१० ते २०१४ च्या काळातलं. बाजाराची ताजी माहिती सर्वांना एकाच क्षणी न जाता जोडणीच्या क्रमाने, एकापाठोपाठ एक, जात होती. म्हणजे सकाळी जो आधी जोडला गेला त्याला आधी. २०१५ मध्ये निनावी तक्रार झाली. सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी एक्स्चेंजला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला आणि काळजीत कसूर झाली म्हणून १०० कोटी भरायला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनेच म्हटलं की संगनमत सिद्ध करायला पुरेसा पुरावा नाही. मी न्यायाधीश नाही, दोषी कोण ते मी सांगणार नाही. पण बघा, इतकी वर्षं हजारो कोटींच्या बाजारात वाद कशाचा चालला? आधी कोण आणि नंतर कोण याचा. अशा वादात साक्षीदार एकच असतो, मशीनने मारलेला वेळेचा शिक्का. तो भरवशाचा नसेल तर उरतात ती वकिलांची भाषणं.

युरोपने हे ओळखलं. ३ जानेवारी २०१८ पासून तिथे नियम आहे: वेगवान सौदे करणाऱ्याचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेपासून १०० मायक्रोसेकंदांहून जास्त हलता कामा नये, आणि नोंद मायक्रोसेकंदापर्यंत हवी. आपल्याकडेही काही हलतंय. सायबर सुरक्षेच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी कार्यालयं या सगळ्यांनी आपली घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडावीत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. दिल्लीच्या प्रयोगशाळेची वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या पाच केंद्रांतून देशभर पोचवायची अशी योजना आहे. योजना चांगली आहे. महाराष्ट्रात एकही केंद्र का नाही हे मला अजून कळलेलं नाही. मुंबईत देशाचे दोन्ही मोठे शेअर बाजार आहेत राव.

तसा आपला आणि प्रमाणवेळेचा झगडा जुना आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने ती मनापासून घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे होती. गिरणी कामगारांचं म्हणणं साधं होतं: घड्याळ पुढे केलं म्हणजे आम्हाला अंधारात कामाला बोलावलं. मुंबईची जुनी वेळ त्यानंतरही कित्येक दशकं चालली. त्या लोकांना वेडं म्हणायची पद्धत आहे. मला ते वेडे वाटत नाहीत. घड्याळ कुणाच्या हातात आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. (शेवगावची सूर्याची वेळही प्रमाणवेळेच्या २९ मिनिटं मागे आहे. आपल्याकडे सरासरीने साडेबाराच्या सुमारास सूर्य माथ्यावर येतो, भिंतीवरचं घड्याळ काहीही म्हणो. शाळेतल्या पोरांना काठीची सावली मोजायला लावा, मजा येईल.)

आता माझं मत, कारण पोस्ट मताची आहे.

पहिलं. वेग विकत मिळतो आणि तो आपल्याला परवडणारा नाही. शेअर बाजारात पैसे घालूच नका असं मी म्हणत नाही. चांगल्या कंपनीत दहा वर्षांसाठी घालणाऱ्याला सव्वा मिलिसेकंदाने काही फरक पडत नाही, त्याची शर्यतच वेगळी आहे. पण ज्याच्या जाहिरातीत "अल्गो", "सुपरफास्ट", "एआय" हे शब्द आणि महिन्याचा टक्का एकत्र येतो, त्याच्या दारात पाऊल टाकू नका. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात साध्या गुंतवणूकदारांच्या अल्गोसाठी चौकट आणली आहे. अल्गो दलालामार्फतच चालणार आणि बाजाराकडे नोंदवलेला असणार. तेव्हा समोरच्याला एवढंच विचारा, "तुमचा अल्गो कोणत्या दलालाकडे, कोणत्या नोंदीने आहे? आणि पैसे माझ्याच डीमॅटच्या खात्यात राहतील ना?" पैसे त्याच्या खात्यावर टाका म्हणाला की उठा. चहासुद्धा घेऊ नका.

दुसरं पोरांबद्दल. आपल्याकडची इंजिनिअरिंग झालेली किती पोरं ट्रेडिंग क्लासच्या नादाला लागली हे मी मोजलेलं नाही, पण क्रांती चौकात उभं राहिलं की बोलणी ऐकू येतात. बँक निफ्टी, कॉल, पुट. ज्या शर्यतीत हरणं वायरीच्या लांबीनेच ठरलंय त्या शर्यतीत ही पोरं पळतायत. त्यापेक्षा ती वायर, ते कार्ड, ते घड्याळ कसं चालतं ते शिका की. त्याला बीकेसीत बसावं लागत नाही. कोड उघडा आहे, तपासणारे जगभर बसलेत, आणि ते तुमची जात, गाव, कॉलेज विचारत नाहीत. चूक केली तर मात्र सोडत नाहीत. माझा पहिला बदल तीनदा परत आला. तिसऱ्यांदा तर स्पेस कमी-जास्त म्हणून. घरी असतो तर मास्तरांनी कान पिळला असता तसंच वाटलं.

एक मित्र म्हणाला, "तुझी पोस्ट वाचून शेवगावातली किती पोरं ड्रायव्हर लिहितील? दोन?" दोन चालतील. दोन खूप झाली.

तिसरं गावाबद्दल, आणि इथे नॅनोसेकंद राहू द्या, साधी मिनिटं घ्या. मध्ये आमच्या ओळखीतल्या एकाची मोटारसायकल चोरीला गेली. दोन दुकानांच्या कॅमेऱ्यांत ती दिसली. पहिल्या कॅमेऱ्याच्या घड्याळात ती ९.२० ला गेली आणि पुढच्या चौकातल्या दुसऱ्यात ९.०९ ला. म्हणजे गाडी निघायच्या आधी पोचली. दोन्ही दुकानदारांनी कॅमेरा बसवल्यापासून घड्याळाला हात लावलेला नव्हता. उद्या हेच कोर्टात गेलं तर समोरचा वकील काय म्हणेल? नवीन साक्ष कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झालाय, डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, हॅश लागतो. पण व्हिडिओतलं घड्याळच खोटं असेल तर प्रमाणपत्र कशाचं देणार? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते, एनटीपी सर्व्हर. तिथे प्रमाणवेळेच्या सर्व्हरचा पत्ता टाकायचा आणि वेळेचा विभाग अधिक साडेपाच तास ठेवायचा. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. नगरपरिषदेने चौकातल्या कॅमेऱ्यांसाठी, बाजार समितीने काट्याच्या पावतीच्या मशीनसाठी, पतसंस्थांनी आपल्या सर्व्हरसाठी हे करून घ्यावं आणि कधी तपासलं ते भिंतीवर लिहावं. पावतीवरची वेळ खरी आहे की नाही हे शेतकऱ्याला विचारता आलं पाहिजे. भाव तासातासाला बदलतो, तेव्हा हा प्रश्न पैशाचाच आहे.

गुरुजींचं राहिलं. ते उठताना मी म्हटलं, "गुरुजी, तुम्हाला कळलं कसं नाही, महिन्याला दहा टक्के म्हणजे काय होतं ते?" विचारायला नको होतं. ते म्हणाले, "चक्रवाढ व्याज मीच शिकवलं तुम्हाला. एका लाखाचे वर्षात ३ लाख १४ हजार. पाच वर्षांत ३ कोटींच्या वर. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं की हे होऊ शकत नाही. पण शेजारच्याला पैसे आले ना रे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि माझ्यामुळे मेहुण्याने घातले. त्याचं जास्त लागतं."

त्यांनी ते कॅलेंडरचं पान मागून घेतलं. घडी करून खिशात घातलं. सध्या संध्याकाळी देवळापुढे जो भेटेल त्याला २५० गुणिले ५ करून दाखवतात असं ऐकतोय.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरी असतो. ज्यांना हा घड्याळाचा प्रकार शिकायचाय त्यांनी या, दोन मशीन्स जोडून दाखवतो. कॅमेऱ्याचं सेटिंग जमत नसेल त्या दुकानदारांनी मेसेज करा, येऊन करून देतो, पैसे नकोत. आणि कुणाकडे जुना डेस्कटॉप पडून असेल, ज्यात जास्तीचं कार्ड बसवायला खाच आहे, तर भंगारात देऊ नका. मला तिसरं मशीन हवंय, मध्ये स्विच ठेवून चाचणी राहिलीये.